दोष डोळ्याचा निघू दे

आमचे दिगूमामा प्रेशर कुकरला भ्यायचे. मामीनं कुकर चढवला, की मामा ओसरीवरून उठून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. शेवटची शिट्टी होऊन मामीनं "या आता, निवला तो" अशी हाक दिली, की मगच आत. छताच्या पंख्याखाली ते कधी झोपले नाहीत. विजा चमकायला लागल्या, की रबरी चपला घालून खाटेवर मांडी घालायचे. एसटी भीमेच्या पुलावर चढली, की पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळायचे आणि पूल संपला, की कंडक्टरकडे अशा नजरेनं बघायचे, जणू त्यानंच खांद्यावर बसवून पैलतीराला आणलंय.

"मामा, पूल सरकारनं बांधलाय," मी एकदा म्हणालो.

"म्हणून तर," मामा म्हणाले.

घरात कुठलंही कार्य निघालं आणि जेवणं उरकली, की पोरं माझ्याभोवती जमतात आणि दिगूमामांची नक्कल करायला लावतात. मी दौंडला चष्म्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक बेताचं आणि वेळ भरपूर, त्यामुळं नकला चांगल्या बसल्यात. कुकर झाला, पंखा झाला, पूल झाला, लोक हसून हसून आडवे होतात. मग हमखास एखादी थोरली बाई पदर सावरून म्हणते, "दत्तू, ते डोळ्याचं सांग की." आणि मला एकदम तहान लागते. म्हणून आज ते लिहूनच काढतो. लिहिताना पाणी प्यायला उठलं तरी कुणाला दिसत नाही.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ, वडगाव रासाईचे. आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून भीमेच्या काठाला जमीन केली. ऊस लावला, इंजिन बसवलं, पण डोकं शेवटपर्यंत मेंढक्याचंच राहिलं. एवढ्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे आबा नुसतं तोंड बघून सांगायचे. कोकरांची तोंडं वेगवेगळी असतात हेच मुळात मला कधी दिसलं नाही. मामांकडं मात्र आबांची ती नजर आली होती. फक्त एकाच डोळ्यात. लहानपणी एका एडक्यानं शिंग मारलं आणि डावा डोळा गेला. डोळा जागेवर होता, पण त्यातून उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

अशा एका डोळ्याच्या, भित्र्या, शिकलेल्या पोराला नोकरी लागली ती मुंबईला, समुद्रातल्या मासळीचा अभ्यास करणाऱ्या एका कचेरीत. गावाला वाटायचं, दिगू होडीत बसून मासे धरतो आणि सरकार त्याला पगार देतं. सुट्टीला आले, की पारावरचे म्हातारे विचारायचे, "काय दिगू, यंदा केवढा धरला?"

मामा चिमूट वर करून दाखवायचे. "एवढा."

चिमटीत काहीच नसायचं. पार हसायचा. पण मामा थट्टा करत नव्हते, खरं तेच सांगत होते.

त्यांचं काम होतं माशांची अंडी आणि नुकतीच फुटलेली पिल्लं बघायचं. समुद्रातले बहुतेक मासे अंडी पाण्यात नुसती सोडून देतात. ती तरंगत राहतात, फुटतात, आणि पिल्लंही पाणी नेईल तिकडं जातात. कचेरीची बोट जायची, पाठीमागं कापडासारख्या बारीक जाळीची लांबट पिशवी ओढायची, आणि त्या पिशवीत जे साठेल ते फॉर्मालिन घातलेल्या बाटलीत भरून मामांच्या टेबलावर यायचं. मामा ते काचेच्या बशीत ओतणार, मायक्रोस्कोपला उजवा डोळा लावणार आणि सुईच्या टोकानं एकेक जीव बाजूला करणार. अंडं म्हणजे साबुदाण्याच्या दाण्यावरून उडालेला कण, आत तेलाचा एक थेंब. पिल्लू म्हणजे पापणीच्या केसाला दोन डोळे फुटावेत तसं. त्या केसांकडं बघून हा बांगडा, ही मांदेली, हा घोळ, असं मामा सांगायचे. आबा कोकरं ओळखायचे तसं.

बोटीवर ते फार थोड्या वेळा गेले. "समुद्र मला बाटलीतला बरा," म्हणायचे. "उघडा समुद्र बघितला की वाटतं, ह्याला झाकण का न्हाई?"

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. कुणी घाईनं काही बोललं, की मामा बोट वर करून म्हणत, "दोनदा बघितल्याशिवाय भ्यायचं न्हाई." आता, जो माणूस कुकरला न बघताच भितो त्यानं हे सांगावं, याचं आम्हाला हसू यायचं. पण कामात ते तसेच होते. बशी एकदा बघून झाली, की पुन्हा पहिल्या कडेपासून. आईच्या घरी तांदूळ निवडायला बसले, तर खडे बाजूला काढून झाल्यावर तेच तांदूळ परत घ्यायचे. आई वैतागायची. "अरे दिगू, रात्रीचं जेवण हाय, उद्याचं न्हाई."

एकदा आईनं कटल्याची गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, तळली होती. मस्त, कुरकुरीत. मी मामांच्या पानातही दोन तुकडे वाढले. मामा हात आवरून बसले.

आई म्हणाली, "दया आली व्हय रे तुला?"

"दया न्हाई आक्का. भ्या वाटलं."

"तळलेल्या गाबोळीचं?" मी म्हणालो. मला वाटलं, नकलेत घालायला आणखी एक चीज सापडली.

मामा त्या तुकड्याकडं बघत म्हणाले, "एवढी अंडी मासा कशासाठी घालतो? त्याला ठावं असतं, जवळपास सगळी मरणार. म्हणून मरणापेक्षा जास्त घालायची. ही भ्यालेल्या आईची रीत हाय, आन् ती आजवर कधी फसली न्हाई. मला गाबोळीचं भ्या न्हाई वाटत दत्तू. मला बशीचं वाटतं. माझ्या बशीत आता येईनात ती."

तेव्हा ते अजून नोकरीत होते, नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी गाबोळी खाल्ली. माझीही खाल्ली आणि त्यांचीही.

पुढं हळूहळू त्यांनी मला सगळं सांगितलं. एकदम नाही. ते दौंडला गाडीतून उतरून वडगावची एसटी मिळेपर्यंत माझ्या दुकानात बसायचे, तेव्हा थोडं थोडं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बशी भरलेली असायची. सुई कुठं टेकवावी असा प्रश्न पडायचा. घोळ, दाढा, रावस अशा मोठ्या माशांची पिल्लं त्यांच्या त्यांच्या महिन्यात न चुकता यायची. मग ती कमी व्हायला लागली. काहींचा महिना हलला. काही यायचीच बंद झाली. आणि बशीत पिल्लांच्या जागी पारदर्शक, चिकट, जेलीसारखे जीव जास्त दिसायला लागले. एका वर्षी नव्हे, चार वर्षांत नव्हे. इतकं सावकाश, की रोज बघणाऱ्यालाच कळणार नाही.

मामांनी एका बैठकीत हे मांडलं. साहेब भला माणूस, मामांवर जीव असलेला. तो हसून म्हणाला, "दिगंबरराव, आधी चष्मा बदला."

सगळे हसले. मामाही हसले.

"हसलो रे मी," मामा मला म्हणाले. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. "आन् जिना उतरताना मधल्याच पायरीवर बसलो. कारण साहेब खरं बोलला असंल तर?"

मला कळलं नाही. मी म्हणालो, "मामा, थट्टा केली असेल त्यांनी."

"थट्टाच केली. पण ऐक. दरसाल त्याच महिन्यात जायचं, त्याच जागी, तेवढाच वेळ जाळं ओढायचं. का? तर मग बशी बदलली म्हंजी समुद्र बदलला, आपण न्हाई. सगळं तेच ठेवलं आम्ही. जाळं तेच, जागा तीच. आन् बघणारा?" त्यांनी आपल्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "बघणारा हा. पहिल्या वर्षापासून हाच. हा जर तोच राहिला नसंल, तर? समुद्र तसाच भरल्याला असंल आन् मलाच दिसत नसंल, तर?"

मी धंद्याला जागून म्हणालो, "तपासू की! बसा." मामा उठले आणि त्यांची एसटी लागली नसतानाही स्टँडकडं निघून गेले.

पुढं ते निवृत्त झाले आणि मामीला घेऊन वडगावला आले. येताना एक मायक्रोस्कोप आणला, त्यांनी जुन्या बाजारात घेतलेला, खाली आरसा असलेला, उन्हावर चालणारा. आणि लाकडी खोक्यांतून बाटल्या. कचेरीत जागा उरली नव्हती, जुन्या नमुन्यांच्या जादा बाटल्या टाकून द्यायच्या होत्या. मामांनी रीतसर विचारून त्या घेतल्या. काही त्यांच्या पहिल्या वर्षांतल्या, काही शेवटच्या. सामान उतरवताना मी मदतीला होतो. संसार एका टेम्पोत मावला आणि बाटल्यांना मामांनी स्वतःच्या मांडीवर जागा दिली.

मामीला फॉर्मालिनचा वास सोसायचा नाही. "घरात मसणवाट्याचा वास येतोय," ती म्हणायची. बाटल्या मागच्या पडवीत गेल्या. तिथं शेजारच्या सखूबाईंनी एकदा हौसेनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. वाकलेली पाठ, मोठं डोकं, दोन काळे डोळे बघितले आणि डोळा काढला तो पांढऱ्याफटक चेहऱ्यानंच. दुसऱ्या दिवशी गावात झालं, की दिगूनं मुंबईच्या दवाखान्यातली पोटातली पोरं बाटल्यांत भरून आणलीत. गरोदर सुना मामांच्या दारावरून जाईनात. तरणी पोरं संध्याकाळी कुंपणापाशी येऊन बघून जायची. एकदा एक दगड पत्र्यावर पडला आणि मामा दोन दिवस लिंबाखालीही गेले नाहीत.

शेवटी मामांनी सखूबाईंना परत बोलावलं. पिल्लाची शेपूट दाखवली. "बघा वैनी, शेपूट हाय, शेपटीत काटा हाय. माणसाच्या लेकराला शेपूट असती का?"

सखूबाई दोनदा बघून, दोन्हीला मान डोलावून म्हणाल्या, "आमच्या धाकट्याला असायला पायजे हुती."

गाव हसलं आणि बाटल्यांचं भूत उतरलं. मीही ही गोष्ट फार रंगवून सांगतो. पण त्या दिवशी सखूबाई गेल्यावर मामा मला म्हणाले, "बघितलंस? तिचा डोळा साफ हाय. शेपूट पण दिसली आन् शेपटीतला काटा पण दिसला तिला. मला काटा दिसला न्हाई दत्तू. मला तो पाठ हाय, म्हणून मी सांगितला."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नदीला मासे मेले. वडगावच्या अलीकडच्या अंगाला पुण्याचं घाण पाणी भीमेत येऊन मिळतं; त्या साली नदी आटलेली आणि तेच पाणी जास्त. सकाळी बघतो, तर काठाला पांढऱ्या पोटांची ओळ. मी योगायोगानं तिथंच मुक्कामाला होतो. लोक घमेली घेऊन पळत होते. "अजून ताजं हायती, उचला!" वासानं माझं डोकं गरगरत होतं. मामा उतारावर उभे होते, खाली यायला धजत नव्हते. एक ओळखीचा गडी भरलं घमेलं घेऊन वर आला.

मामांनी विचारलं, "बारकी किती हायती रं ह्यात?"

"बारकी कोण उचलतंय मामा? आन् न्हाईतच बारकी. सगळी दांडगीच हायती. मज्जा हाय."

तो गेला. मामांनी माझा दंड धरला. आधारासाठी धरतात तसा नाही, लहान मूल धरतं तसा. "म्हातारीच मेलीत सगळी. पोरं कुठं हायती? दत्तू, तू खाली जाऊन बघ. काठाला, शेवाळात. चिलट असतं तेवढी असतात. बघ, हायती का. का मलाच दिसंनात?"

मी गेलो. बुटांची फिकीर सोडून चिखलात उतरलो आणि वाकून बघितलं. माझा स्वतःचा चष्मा इतका जाड आहे, की गिऱ्हाईक तो बघून परत जातं. मला फेस दिसला. एक मेलेला खेकडा दिसला. पिल्लू एकही दिसलं नाही. वर जाऊन काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आणि वर बघतो, तर मामा उतार उतरायला लागले होते, एकेक पाऊल आधी चाचपून. चांगली मळलेली, रुंद पायवाट होती ती. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, माशांची नाही.

दुकानात आणून बसवलं. तक्ता दाखवला तर त्यांनी सगळ्या ओळी घडाघडा म्हटल्या. मी तक्ता फिरवून दुसरा लावला, तरी त्याच ओळी म्हटल्या. पाठ होत्या. माझ्याच दुकानात बसून बसून पाठ केल्या होत्या, एसटीची वाट बघताना. मी बॅटरी डोळ्यावर धरली. बाहुलीत ताकासारखं पांढुरकं होतं.

"मोतीबिंदू आहे, मामा."

मामांचा चेहरा उजळला. हे मी शपथेवर सांगतो. मी शेकडो लोकांना हे सांगितलं असेल. खूश झालेला तो एकच माणूस.

"कधीपासनं असंल?"

"ती काय द्राक्षाची बाग आहे, कधी लावली ते सांगायला?"

"तरी अदमास? मी नोकरीत असताना हुता का हा? शेवटच्या वर्षांत?"

ते मला सांगता येईना. शिरूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगता येईना. ते म्हणाले, पिकलाय, काढावा लागेल. कधी सुरू झाला ते कोण सांगणार? मग त्यांनी डावा डोळा बघितला आणि आवाज खाली आणला. "आजोबा, तुम्हाला चालणारा हा एकच डोळा आहे. ऑपरेशन बहुतेक चांगलंच होतं. पण विचार करून या."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक."

ज्या माणसाला सरकारी पुलाचा भरवसा नव्हता, त्याला 'बहुतेक'वर डोळा सोपवायचा होता. मामी हटून बसली. "हाय तेवढं दिसतंय, बास झालं. ताट दिसतंय, मी दिसतीय. अजून काय बघायचंय तुम्हाला? तिकडं दर्यात मासं मरंनात न्हाई तर जगंनात, हितं माझा माणूस आंधळा झाला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अगं, जुन्या बाटल्या हायती, नव्या हायती. डोळा साफ झाला की दोन्ही परत बघायच्या. नव्यांत पण तेवढीच पिल्लं निघाली, म्हंजी डोळाच खराब हुता. म्हंजी समुद्र हाय तसा हाय. मग मी सुखानं मरीन."

"आन् न्हाई निघाली तर?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि ते जागचे हलले नाहीत. मामीनं ते बघितलं आणि तिथून पुढं तिनं नाही म्हटलं नाही.

शिरूरला मीच त्यांना आणि मामीला घेऊन गेलो. बाकावर ओळीनं म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन ते कळावं म्हणून चिकटपट्टी. शेजारच्या आजी "खंडोबा, दिसू दे रे बाबा, दिसू दे" पुटपुटत होत्या. मामांनीही हात जोडले. मी कान दिला.

"रासाई, बिरोबा," मामा म्हणत होते, "दोष डोळ्याचा निघू दे. माझाच निघू दे. मी चुकीचं बघितलं असं निघू दे. सगळी नोकरी खोटी निघाली तरी चालंल."

आजी पुटपुटायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ह्यांना बरं हाय ना?"

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, मामांनी सांगितली. मग मामांनी मामीकडं बघितलं. बराच वेळ. "तू म्हातारी झालीस की गं!"

"आन् तुम्ही काय बाशिंग बांधल्यालं नवरदेव हाय व्हय?" मामी म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून रडली. मी डॉक्टरांच्या भिंतीवर टांगलेल्या डोळ्याच्या चित्राचा फार बारकाईनं अभ्यास केला.

डोळ्याची जखम पुरती भरून आल्यावर नंबर ठरला. चष्मा मीच बनवला आणि तो द्यायला वडगावला गेलो, आईलाही घेऊन. ऊन चांगलं होतं. मामांनी मायक्रोस्कोप अंगणात स्टुलावर आधीच मांडून ठेवला होता. चष्मा घालून त्यांनी लिंबाचं पान बघितलं, हाताची कातडी बघितली, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या वर्षांतली एक बाटली उघडली. बशीत ओतली. नळीला डोळा लावला.

आणि ते हसले. "आलीत गं," म्हणाले. एकेकाचं नाव घ्यायला लागले. मांदेली. बांगडा. हा घोळ, बघ कसा बसलाय. मध्येच जीभ टाळूला लावून टक टक आवाज काढत होते. आई माझ्या कानात म्हणाली, "आबा असंच बोलवायचं कोकरांना."

मग शेवटच्या वर्षांतली बाटली. मामांनी बशी दोनदा धुतली. ओतलं.

"हां!" मामा ओरडलेच. "हे राहिलं हुतं. आन् हे. आक्का, ही दोन मी बघितलीच नव्हती! खराब हुता! डोळा खराब हुता!"

आईनं हात जोडले. मी मामीकडं बघून मान हलवली, जसं काही ते मीच घडवून आणलं होतं. टक टक आवाज सुरू झाला. बशी सरकत राहिली. मग आवाज विरळ झाला. मग बराच वेळ आलाच नाही. मामांनी दुसरी बाटली ओतली, तिसरी ओतली. त्यांनी आरसा उन्हाकडं नीट वळवला. फडक्यानं काच पुसली. प्रत्येक बशी पहिल्या कडेपासून परत बघितली. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता आणि मी मनात म्हणत होतो, अजून एक निघू दे, निदान एक.

मामांनी नळीवरून डोळा काढला. आमच्याकडं न बघता म्हणाले, "डोळा चांगला झालाय."

मयताच्या घरी गेल्यावर 'केव्हा नेणार' असं विचारतात, त्या आवाजात.

मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. माझी तीच तर ख्याती. ऊन लख्ख होतं, उसातून वारा येत होता, आणि मला थंडी वाजली. ज्याची इतकी वर्षं नक्कल केली, तो माणूस कशाला भीत होता ते मला त्या घटकेला अंगणात समोर उभं दिसलं. त्याला ना शिट्टी होती, ना धरायला दांडा.

तेवढ्यात मामी उठली. तोवर तिनं एकदाही त्या नळीला डोळा लावला नव्हता. ती आली, पदर खोचला, स्टुलापाशी वाकली.

"कसं बघायचं?"

मामांनी तिचं डोकं हलकेच धरून नळीवर आणलं. एक डोळा मिटायला सांगितलं. तिला तो मिटता येईना, म्हणून त्यावर आपला तळवा ठेवला.

मामी बघत राहिली. सखूबाईंसारखी एखादी सोडली, तर पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला त्यातून स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसत नाही, हे चष्मेवाला म्हणून मला ठाऊक आहे.

"हायती की," मामी म्हणाली. "लई हायती."

दोनदा बघितल्याशिवाय कुणाचं काही न ऐकणारे मामा उभे होते. ते म्हणाले, "व्हय?"

"व्हय तर. ही काय. बख्खळ हायती."

"असतील," मामा म्हणाले.

एसटीची वेळ झाली म्हणून आईनं मला खुणावलं. कुंपणापाशी जाऊन मी वळून बघितलं. मामांची ती माझी शेवटची भेट. पुढं दिवाळीच्या आधी ते गेले. मामा तसेच उभे होते, तळवा मामीच्या डोळ्यावर, नजर उसाच्या पलीकडं नदीच्या बाजूला. मामी स्टुलावर वाकलेली होती. बघण्यासारखं काही नव्हतं, पाठ दुखत असेल, तरी ती डोकं वर करत नव्हती. वर केलं असतं, तर मामांना तिचं तोंड दिसलं असतं, आणि आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.